सल्लागारांची नावे पाहावीत की त्यांचे काम?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि सोबतची दोन माहितीपत्रके मिळाली. आपल्या कन्येला मेकॅनिकल शाखेला जायचे आहे आणि कोल्हापूर परिसरातील दोन महाविद्यालयांपैकी कोणते वर ठेवावे, हा आपला प्रश्न आहे. पहिल्या महाविद्यालयाच्या ‘उद्योग सल्लागार मंडळा’त बड्या कंपन्यांचे उपाध्यक्ष छायाचित्रांसह झळकतात, तर दुसऱ्याने शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील फाउंड्रीचे (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचे) दोन अभियंते आणि एक माजी विद्यार्थिनी एवढीच नावे दिली आहेत. अशा मंडळामुळे नोकरीची खात्री वाढते का, असेही आपण विचारले आहे. तशी खात्री कोणतेही सल्लागार मंडळ देत नाही; कंपनी मुलाखतीला येते ती तिच्या गरजेनुसार, आणि सल्लागाराचे नाव पाहून ती कोणाची निवड करत नाही.

तरीही उद्योगातील माणसांचा शिक्षणाला उपयोग होतो, आणि तो किती होईल हे आधी महाविद्यालय स्वायत्त आहे की विद्यापीठाशी संलग्न, यावर अवलंबून असते. स्वायत्त महाविद्यालयाला स्वतःचा अभ्यासक्रम ठरवता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार तेथील प्रत्येक विषयाच्या अभ्यास मंडळावर उद्योगक्षेत्राचा एक प्रतिनिधी आणि एक माजी विद्यार्थी घ्यावा लागतो. संलग्न महाविद्यालयात मात्र अभ्यासक्रम विद्यापीठाकडून येतो, मग ते शिवाजी विद्यापीठ असो वा लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. तेथे सल्लागारांनी कितीही चांगली सूचना केली तरी महाविद्यालय ती फार तर जादा अभ्यासवर्ग, प्रकल्प, प्रयोगशाळा किंवा इंटर्नशिप यांतून अमलात आणू शकते. तेही कमी नव्हे, पण हा फरक माहितीपत्रकात कोणी छापत नाही.

यानंतर सल्लागार मंडळाच्या बैठकांची इतिवृत्ते मागून घ्यावीत. अनेक महाविद्यालये ती संकेतस्थळावर ठेवतात. शिवाय नॅक या उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या परिषदेच्या मूल्यांकनासाठी विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि नोकरी देणारे यांच्याकडून अभ्यासक्रमावर अभिप्राय घेऊन त्यावर काय केले याचा अहवाल द्यावा लागतो, तोही पाहता येतो. ‘मान्यवरांनी मोलाचे मार्गदर्शन केले’ एवढेच वाक्य असेल तर पुढे वाचू नये. त्याउलट, विद्यार्थ्यांना ड्रॉइंगवरील टॉलरन्स (मापात चालणाऱ्या फरकाच्या मर्यादा) वाचता येत नाहीत अशी फाउंड्रीतील अभियंत्याची तक्रार, त्यानंतर मोजमापाच्या प्रयोगशाळेत वाढलेले तास आणि कास्टिंगमधील (ओतीव भागांतील) दोषांवर कारखान्यातच दिलेले अंतिम वर्षाचे प्रकल्प, असा माग कागदावर सापडला, तर ते मंडळ खरोखर काम करते असे समजावे. परदेशात किंवा बंगळुरूला बसलेल्या उपाध्यक्षाला हे सुचणे अवघड नसेल, पण वर्षातून दोनदा येऊन विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे आराखडे पाहायला त्याला वेळ कुठला? कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या गावात मेकॅनिकल शिकणाऱ्या मुलीला शेजारच्या कारखान्याचा दरवाजा उघडून देणारा माणूस अधिक उपयोगी पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही व्यवस्था आणली. तीनुसार किमान 15 वर्षांचा अनुभव असलेल्या व्यावसायिकाला पीएच.डी. नसतानाही शिकवण्यासाठी नेमता येते. असे कोणी तेथे आहे का आणि ती व्यक्ती प्रत्यक्ष कोणता विषय शिकवते, हेही विचारावे.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र सांगायला हवी. उद्योगाला आज लागणारे सॉफ्टवेअर उद्या बदलते, आणि सल्लागारांच्या आग्रहाखातर उष्मागतिकी किंवा पदार्थांचे सामर्थ्य यांसारख्या पायाभूत विषयांचे तास कापले जात असतील तर ती सुधारणा नव्हे. चांगला विभागप्रमुख उद्योगाचे ऐकतो, तसा वेळप्रसंगी नाहीही म्हणतो. इतिवृत्तात एखादी सूचना कारणासह नाकारलेली दिसली तर तो मी गुणच मानीन.

मेकॅनिकल विभागाला एनबीए (नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन) या मंडळाचे मानांकन आहे का, हेही पाहावे. नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते, एनबीए एकेका अभ्यासक्रमाचे, त्यामुळे एका शाखेला मानांकन आणि दुसरीला नाही असे होऊ शकते.

ही सर्व चौकशी पसंतीक्रम भरण्यापूर्वी करावी. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप कायम होते आणि पुढच्या फेऱ्यांचा पर्याय उरत नाही. आपण पाठवलेल्या कागदांवरून दुसरे महाविद्यालय मला उजवे वाटते, पण ते स्वायत्त आहे की नाही याचा उल्लेख त्यांत नाही. तेवढे विचारून घ्यावे, आणि मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षातील दोन-तीन विद्यार्थ्यांशी कन्येने स्वतः बोलून गेल्या सत्रात ती मुले कोणत्या कारखान्यात, किती दिवस आणि कोणत्या कामावर होती, हे जाणून घ्यावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक