गाळा घेतलास, आता आधी छत बघ

शिवडीतला तो जुना कारखाना चिनी सुलेखनासाठी घेतलास हे ऐकून फार आनंद झाला. पण रंगकाम नंतर. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे; ते आणि वापर बदलण्याची पालिकेची परवानगी आधी मार्गी लाव. छपराचे पत्रे ॲसबेस्टॉसचे निघाले तर त्यांना ड्रिल लावू देऊ नकोस.

करवतीच्या दातांसारखं उतरतं छप्पर असेल तर उत्तरेकडच्या काचा जप. ऊन सहसा थेट आत येत नाही, हाताची गडद सावली कागदावर पडत नाही.

खरी झुंज दमट हवेशी. चीनच्या आन्हुइ प्रांतातला शुआन नावाचा सुलेखनाचा कागद झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून बनतो, ओल चटकन शोषतो. आमचा अख्खा गठ्ठा एका जुलैत भिंतीला टेकून वाया गेला. पत्र्याची पेटी आणि ओल शोषणारं सिलिका जेल घेच. शाई म्हणजे काजळी नि सरस. कांडी पाण्यात घासून केलेली शाई उरली की कुजते, रोजची रोज धुऊन टाक.

आणि शहाबादी फरशी उखडू नकोस, कळकळीने सांगते! चीनमधल्या बागांत म्हातारी माणसं लांब दांड्याच्या कुंचल्याने फरशीवर नुसत्या पाण्याने अक्षरं काढतात. शेजारच्या चाळीतल्या आजी-आजोबांना, मुलांना पहिले काही दिवस तेच करू दे. अक्षर वाळून जातं, चुकायची भीती उरत नाही, महागडा कागदही वाचतो. बादल्या तेवढ्या भरून ठेव.