६२ हजारांचं एस्टिमेट आणि २००७ची मरीना

प्रश्न: माझ्याकडे २००७ची डिझेल इंडिगो मरीना आहे, १ लाख ६८ हजार किलोमीटर झालेली. मी फराळाचे पदार्थ करून प्रदर्शनांत विकते, त्यामुळे मागे भरपूर जागा असलेली ही स्टेशन वॅगन फार सोयीची पडते. गेले दोन महिने खंबाटकी घाटात आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरचा काटा वर जातो. दर दोनशे किलोमीटरला लिटरभर पाणी घालावं लागतं. धूर दिसत नाही. गॅरेजने ६२ हजार सांगितलेत: हेडचं काम २४, रेडिएटर आणि वॉटर पंप ११, टायमिंग बेल्ट ६, क्लच ९, सस्पेन्शन १२. शोरूमवाले जुनी गाडी ३५ हजारांना घेऊन ९ लाखांची नवी देतायत. १ लाख ६५ हजार रोख आणि ७ लाख कर्ज, ९ टक्क्यांनी पाच वर्षं. माझी एफडी २ लाख ६० हजारांची आहे. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाडी वर्षाला पाचेक हजार किलोमीटर फिरते. काय करू? – एक वाचक, सातारा

ताई, ‘३५ हजारांच्या गाडीवर ६२ हजार कशाला घालता?’ हे शोरूममधलं वाक्य आधी डोक्यातून काढा. गाडी विकायला काढणाऱ्याने तो हिशेब करावा. तुम्हाला माल आणि माणसं हलवायची आहेत, तेव्हा पुढची दोन वर्षं ते काम कशात स्वस्त पडतं एवढंच बघायचं. दोन वर्षं का, ते खाली सांगतो.

मला खुपतंय ते गॅरेजचं एस्टिमेट. त्यात तपासणीचा खर्चच नाही, थेट हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडायची भाषा आहे. ट्रॅफिकमध्ये इंजिन तापत असेल तर पहिला संशय रेडिएटरच्या पंख्यावर आणि त्याच्या स्विचवर जातो. घाटात तापत असेल तर रेडिएटर चोक झालाय का, रेडिएटरकडे पाणी सोडणारा थर्मोस्टॅट पूर्ण उघडतोय का, हे बघतात. पाणी कमी होतंय ते ढिल्या पडलेल्या रेडिएटर कॅपमधून, होजमधून, वॉटर पंपाच्या सीलमधून किंवा हीटरमधूनही जात असेल; पुढच्या सीटसमोरचं, पायाखालचं कार्पेट ओलं लागतं का, हात घालून बघा. हेड गॅस्केट (हेड आणि त्याखालचं इंजिन यांच्यामधलं सील) गेलं असेल तर त्याच्या खुणा वेगळ्या असतात. थंड इंजिन चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, वरचा होज दोन-चार मिनिटांत दगडासारखा कडक होतो, ऑइलच्या झाकणाखाली दुधट थर बसतो, सकाळी पांढरा धूर निघतो. धूर नाही म्हणून गॅस्केट शाबूत आहे असं म्हणता येत नाही, पण गेलंच आहे असं धरून २४ हजारही मोजता येत नाहीत.

म्हणून पहिला खर्च निदानाचा. कूलिंग सिस्टिमला दाब देऊन गळती शोधणं, कूलंटमध्ये (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात) इंजिनातले वायू शिरतात का ते रंग बदलणाऱ्या द्रवाने तपासणं आणि सिलिंडरमधला दाब मोजणारी कॉम्प्रेशन टेस्ट. या तीन तपासण्या दुसऱ्या गॅरेजकडून करून घ्या, ज्याला पुढचं काम मिळणार नाही अशाकडून. दीड-दोन हजार जातील. तोवर घाट टाळा. काटा चढला की गाडी थांबवा आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. नळाचं पाणी घालत राहिलात तर आत क्षार साचतात, तेव्हा दुरुस्ती झाली की कूलंटच भरायचा.

गॅस्केट ठीक निघालं तर रेडिएटर-पंपाचे ११ हजार द्या. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर तेही ६ हजार द्या, कारण तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग ६२ हजारसुद्धा कमी पडतील. सस्पेन्शनमध्ये लोअर आर्म आणि बॉल जॉइंट हे चाक धरून ठेवणारे, सुरक्षेचे भाग आहेत, तिथे काटकसर नको; ते १२ हजारही द्या. क्लच मात्र थांबू शकतो. चढावर इंजिनाचा आवाज वाढतोय आणि गाडी पुढे सरकत नाही, असं होत असेल तरच ते ९ हजार. म्हणजे तपासणी धरून साधारण ३१ हजार, एस्टिमेटच्या निम्मे.

मरीनाचा एक फायदा: इंजिन आणि सस्पेन्शनचे बरेच भाग इंडिकाचेच, त्यामुळे अजून मिळतात आणि स्वस्तही पडतात. अडचण होते ती मागच्या दाराची, मागच्या दिव्यांची आणि काचांची. मागून कुणी ठोकलं तर तेवढ्यासाठी गाडी उभी राहू शकते. (दिल्लीतला जुन्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीचा नियम साताऱ्याला लागू नाही. शोरूममध्ये तसं कुणी सुचवलं असेल तर सोडून द्या.)

आता दोन वर्षांचं. तुमच्या गाडीची पंधरा वर्षं २०२२मध्ये भरली, तेव्हा नूतनीकरण पाच वर्षांसाठी झालं असणार. म्हणजे मुदत २०२७ची. तारीख आरसीवर बघून घ्या. २० वर्षांपुढच्या मोटारींचं नूतनीकरण शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२५मध्ये १० हजार केलं. १५ ते २० वर्षांच्या मोटारींना ते ५ हजार आहे. शिवाय आरटीओची तपासणी आणि पर्यावरण कर. तो टप्पा ओलांडायच्या हेतूने आज पैसे घालू नका. ३१ हजार दोन वर्षांत वाटले तर महिना तेराशे पडतात.

समोर ठेवा नव्या गाडीचा हप्ता: १४,५३१ रुपये. पाच वर्षांत व्याजच १ लाख ७१ हजारांच्या पुढे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डाउन पेमेंटनंतर एफडीत ९५ हजार उरतात, आणि मुलीच्या फीची दोन वर्षं अजून शिल्लक आहेत. प्रदर्शनाचा धंदा हंगामी. दिवाळीत पैसा येतो, जूनमध्ये नाही. हप्त्याला ते कळत नाही. पुढच्या महिन्यापासून साडेचौदा हजार आरडीत टाकून बघा. दोन वर्षांत मुद्दलच ३ लाख ४८ हजार होईल. चार महिन्यांत आरडी थकली, तर ९ लाखांची गाडी तुम्हाला झेपणार नव्हती हे कर्ज न काढता कळेल.

गॅस्केट खरंच गेलेलं निघालं, तर मात्र माझं मत बदलतं. क्लच सोडूनही खर्च ५३ हजारांवर जातो, आणि तापून वाकलेलं हेड फेसिंग करून (घासून सपाट करून) बसवलं तरी ते टिकेलच असं नाही. खालचा पत्रा, विशेषतः सस्पेन्शन जिथे बसतं तिथला, गंजलेला असेल तरीही हेच. अशा वेळी मी गाडी सोडीन, पण ९ लाखांची घेणार नाही. फराळाचे डबे वाहायला पाच-सहा वर्षांची मारुती ईको व्हॅन तुमच्या कामाची आहे, आणि तोवर प्रदर्शनाच्या दिवसांपुरता भाड्याचा टेंपो.

सोडताना ३५ हजारांवर लगेच हो म्हणू नका. एक्स्चेंज न करता नवी गाडी कितीला देता, हे आधी लिहून मागा. पुष्कळदा तो भाव सवलतीतूनच वळता केलेला असतो. अधिकृत स्क्रॅप केंद्राचा दरही घ्या. गाडी मोडीत दिल्याबद्दल तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होऊ शकतं, आणि खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट द्यायची मुभा केंद्राने राज्यांना दिली आहे. आपल्याकडे आज किती मिळते ते आरटीओत विचारून घ्या. कुणा खासगी माणसाला विकलीत तर फॉर्म २९ आणि ३० भरून आरसीवरचं नाव बदलल्याची नोंद स्वतः ऑनलाइन तपासा. तोवर त्या गाडीचा अपघात झाला तर नोटीस तुमच्याच पत्त्यावर येते.