पंप संपावर गेला तर?

प्रश्न : मी चिंचवडला राहतो. मुलीच्या हट्टापायी दोन वर्षांपूर्वी माशांची छोटी टाकी आणली आणि आता मलाच नाद लागलाय. नवी टाकी करायला दिली आहे. ती ४८ × १८ × १८ इंची, खाली ३० इंच उंच स्टँड आणि स्टँडमध्ये अडीच फुटी सम्प, म्हणजे वरचं पाणी उतरून गाळलं जातं आणि पंपाने परत वर जातं ती खालची टाकी. गोडं पाणी, एंजल आणि टेट्रा मासे. दुकानदाराने दोन पंप दाखवले. दोन्ही ताशी २५०० लिटरचे, पण किमतीत जवळपास दुपटीचा फरक. "पंप मोठाच घ्या, जास्त झाला तर व्हॉल्व्ह आवळू," असं तो म्हणतो. कोणता घेऊ? आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवला की काळजी मिटेल ना?

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण खरा प्रश्न तोच आहे. नाही, मिटणार नाही.

आमच्या घरी "आज सम्पचं काम आहे" असं मी म्हणाले की सासूबाई विचारायच्या, "कोणाचा संप?" त्या गमतीने विचारायच्या, पण बोलायच्या नेमकं. सम्पचा आराखडा पंप चालू असताना काय होईल हे पाहून करायचा नसतो, तो संपावर गेला की काय होईल हे पाहून करायचा असतो. हे मला फुकट कळलेलं नाही. माझ्या पहिल्या सम्पला रिटर्नच्या, म्हणजे पाणी वर टाकीत नेणाऱ्या, पाइपावर चांगला महागाचा एनआरव्ही होता. आठ महिन्यांनी एका रात्री लाइट गेली आणि शेवाळाचा एक तंतू अडकून त्याची झडप अर्धवट उघडी राहिली. पहाटे खालच्या मजल्यावरच्या आजी बादली घेऊनच वर आल्या. बोलल्या काही नाहीत, बादली मात्र माझ्या हातात दिली.

झालं होतं असं. पंप थांबला की रिटर्नच्या पाइपातून पाणी उलटं खाली येऊ लागतं आणि पाइपाचं टाकीतलं तोंड उघडं पडेपर्यंत येत राहतं. माझं तोंड पाण्याखाली चांगलं वीतभर होतं. तुमच्या टाकीचा तळ साधारण १२० × ४५ सेंमी, म्हणजे टाकीतलं दर सेंटिमीटर पाणी ५.४ लिटर. सम्पचा तळ ७५ × ३५ धरला तर तिथे दर सेंटिमीटरला २.६ लिटर. म्हणजे वर एक सेंटिमीटर उतरलं की खाली दोन चढतं. रिटर्नचं तोंड ५ सेंमी खोल असेल तर २७ लिटर खाली येतील आणि सम्प १० सेंमी चढेल. शिवाय ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं जादा पाणी जिथून बाहेर पडतं त्या खाचांच्या पट्टीच्या) दातांवरून वाहणारा थर आणि ड्रेनच्या, म्हणजे पाणी खाली सम्पमध्ये आणणाऱ्या, पाइपातलं पाणी, तेही त्यातच येतं.

तेव्हा तोंड पाण्याच्या पातळीला जेमतेम बुडेल असंच ठेवा, एक सेंटिमीटर पुरे. खोल ठेवायचंच असेल तर पातळीच्या लगेच खाली पाइपाला ४-५ मिमीचं भोक पाडा. पाणी तिथपर्यंत उतरलं की भोकातून हवा शिरते आणि धार तुटते. त्या भोकात शेवाळ धरतं, दर पंधरवड्याला टूथपिक फिरवायची. एनआरव्ही बसवायचा तर बसवा, पण तो नाहीच असं समजून सम्पमध्ये जागा सोडा.

उलट बाजूही बघा. ड्रेनच्या तोंडाशी गोगलगाय जाऊन बसली तर पंप रिटर्नच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर फेकेल आणि खाली काहीच येणार नाही. तो कप्पा २५ × ३५ सेंमीचा आणि पाणी २० सेंमी असेल तर साडेसतरा लिटर, म्हणजे टाकीत सव्वातीन सेंमी. ओव्हरफ्लोचे दात काचेच्या काठापासून निदान साडेचार सेंमी खाली ठेवायला सांगा. टाकी अजून बनते आहे, आजच फोन करा. हा कप्पा फार छोटाही नको. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी फक्त तिथेच दिसतं. मे महिन्यात दिवसाला तीन लिटर उडाले तर तिथली पातळी साडेतीन सेंमी उतरते, आणि काही दिवस गावाला गेलात की पंप हवा ओढायला लागतो.

आता ड्रेन. एकाच पाइपावर विसंबू नका, दोन भोकं पाडून घ्या. एक रोजचं, दुसरं संकटकाळचं. दुसऱ्याचं तोंड थोडं उंचावर आणि त्यावर व्हॉल्व्ह अजिबात नाही. रोजचा पाइप दीड इंची घ्या. एक इंची पाइपही तेवढं पाणी नेतो, पण गडगडत नेतो, आणि हॉलमध्ये टाकी असेल तर चार रात्रींत घरचे तुमच्याशी बोलणं टाकतील. पाइपाच्या डोक्यावर खाली वळलेलं तोंड आणि टोपीला हवेसाठी बारीक भोक, अशी एक रचना आहे. ती रिचर्ड ड्युर्सो या अमेरिकन हौशी माणसाच्या नावाने ओळखली जाते. आवाज पुष्कळ कमी होतो. काटकोनी एल्बोऐवजी (वळणाच्या जोडाऐवजी) जमेल तिथे ४५ अंशाचे घ्या, पाइप आडवा लोळवू नका आणि सम्पमधलं टोक पाण्यात इंचभरच बुडवा.

भोकं टाकी चिकटवण्याआधीच पाडायची. टफन्ड काचेला भोक पडत नाही, तिचा चुरा होतो. तुमची तळाची काच साधी आहे ना, हे विचारून घ्या.

आणि आता कुठे पंप. खोक्यावरचं '२५०० लिटर' हे पाणी शून्य उंचीवर चढवतानाचं असतं. त्याच्याच शेजारी बारीक अक्षरात 'एच मॅक्स' लिहिलेलं असतं. त्या उंचीला पंप एक थेंबही चढवत नाही. मधलं गणित ढोबळमानाने सरळ रेषेत धरा. तुमच्याकडे स्टँड ७५ सेंमी, टाकी ४५, आणि त्यातून सम्पमधलं पाणी २० सेंमी वजा, म्हणजे चढ एक मीटर. मोजायचं पाण्याच्या पृष्ठभागापासून पृष्ठभागापर्यंत. पंप तळाशी बसतो म्हणून तिथून मोजणारे बरेच असतात, त्यांचं चुकतं. पाइप आणि तीन-चार एल्बोंच्या घर्षणासाठी आणखी ४० सेंमी धरा, एकूण १.४ मीटर. एच मॅक्स २ मीटरचा पंप तिथे जेमतेम ७५० लिटर देईल, ३ मीटरचा १३०० च्या आसपास. आकडा तोच, पाणी जवळपास दुप्पट. तुमच्या दोन पंपांतला किमतीचा फरक बहुधा इथेच आहे, खोकी पुन्हा वाचा.

टाकीत सव्वादोनशे लिटर पाणी राहील. ते तासाला चार-पाच वेळा सम्पमधून फिरलं की एंजल-टेट्रांना पुष्कळ झालं, म्हणजे हजार ते अकराशे लिटर. तेव्हा ३ मीटरवाला घ्या. ताशी पाच हजारांचा घेऊन व्हॉल्व्ह आवळणं म्हणजे विजेचे पैसे भरून पाणी अडवणं, आणि एंजलला जोराचा प्रवाह मानवतही नाही. थोडंफार आवळायचं तर पंपाच्या पुढे, ओढीच्या बाजूला कधीही नाही. वॅटही बघा. ३५ वॅटचा पंप अखंड चालतो, महिन्याला २५ युनिट.

पाइप पंपाच्या तोंडापेक्षा एक माप मोठा घ्या. अर्धा इंची रबरी नळी लावून "पंप कमजोर निघाला" अशी तक्रार घेऊन येणारे मी पुष्कळ पाहिलेत. पांढरा यूपीव्हीसी घेतलात तर सगळं यूपीव्हीसीच. क्रीम रंगाच्या सीपीव्हीसीची मापं त्याला बसत नाहीत आणि दोन्हींचं चिकटवायचं सोल्युशनही वेगळं. पितळी आट्यांचे जोड टाळा, पितळेत तांबं असतं आणि पुढे कोळंबी पाळाविशी वाटली तर ते तिला बाधतं. पंपाजवळ युनियन, म्हणजे फिरवून उघडता येणारा जोड, हवंच, नाहीतर साफसफाईला पाइप कापावा लागेल. दुकानदार म्हणेल नंतर लावू. तसं होत नाही.

गुरुवारसाठी मोठा इन्व्हर्टर नको. स्क्वेअर वेव्हचा असला तर साधा एसी पंप त्यावर घरघरतो आणि तापतो. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप टाकीत सोडा, तेवढ्याने मासे तग धरतात. वायरींना मात्र प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत जात नाही. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) नसेल तर मासे आणण्याआधी तो बसवा.

सगळं जोडलं की मासे न सोडता चाचणी घ्या. पंप चालू असताना सम्प थोडा थोडा भरत जा आणि दर वेळी प्लग काढून बघा. पंप बंद असताना सम्पच्या काठाखाली चार बोटं रिकामी राहतील तिथे थांबा. मग पंप चालू करून पातळी स्थिरावली की रिटर्नच्या कप्प्याच्या काचेवर मार्करने रेघ मारा. त्या रेघेवर पाणी कधीही भरायचं नाही, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. शेवटी दहा लिटरची बादली रिटर्नखाली त्याच उंचीला धरा. ३३ ते ३६ सेकंदांत भरली की तुमचे हजार-अकराशे लिटर मिळाले.

प्रश्न : लातूरजवळ राहते, बोअरचं पाणी वापरतो. सम्पचा पंप हल्ली गुणगुणतो, पण पाणी फेकत नाही. मोटर जळाली का?

उत्तर : गुणगुणतोय म्हणजे बहुधा जळालेली नाही. बोअरच्या जड पाण्याचे क्षार इम्पेलरवर, म्हणजे पंपातल्या फिरत्या पंख्यावर, बसलेत. प्लग काढा, पुढचं झाकण फिरवून इम्पेलर ओढून काढा. बारीक दांडी चिनी मातीची असते, हळू. तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, खाच आतूनही पुसा, साध्या पाण्याने धुवा. दांडी तडकली असेल तर फक्त इम्पेलर मिळतो का ते दुकानात विचारा, नवा पंप लगेच घेऊ नका. आणि लातूरला तीन महिन्यांनी हे पुन्हा करावं लागेल, कॅलेंडरवर लिहून ठेवा.