मी पाह्यलं की हारते जी

"मॅडम, याले बाहेरचं तं काई नाई ना लागलं?"

खुर्चीवर टेकायच्या आधीच आईनं विचारून टाकलं. तिच्या मागे सतरा वर्षांचा पोरगा उभा. डिसेंबरातली सकाळ, बाहेर लोक कानटोप्या घालून रांगेत, आणि याच्या अंगात फक्त निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पातळ जर्सी. पाठीवर दहा. इथं मी त्याला दहा नंबरच म्हणते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, औषधांच्या खोलीला लागून माझी बसायची जागा होती. तारीख १५ डिसेंबर २०२२, गुरुवार. पोरगा पाच दिवसांपासून नीट जेवत नव्हता. रात्री उठून अंगणात येरझारा घालायचा. छाती धडधडते, हात ओले होतात, पोटात गोळा येतो म्हणायचा. ओपीडीत ईसीजी झाला होता, तो चांगला होता. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'समुपदेशन' लिहून माझ्याकडे पाठवलं होतं. त्याआधी आई गावातल्या एकाकडून अंगारा लावून आली होती, तो कपाळावर अजून दिसत होता.

आईला बाहेर बसवून मी नेहमीचे प्रश्न सुरू केले. बारावी सायन्स, फेब्रुवारीत परीक्षा, तिचं टेन्शन आहे का? "नाई जी." कॉलेजात कोणी त्रास देतं? "नाई." कोणी आवडते का? लाजला, पण नाही म्हणाला. घरी दारू, भांडणं, कर्ज? कर्ज आहे, पण ते सगळ्यांवरच आहे. मग काय आहे?

"रविवारी फायनल हाय जी. अर्जेंटिनाची."

"बरं. आणि त्याशिवाय?"

हा माझा प्रश्न चुकला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहत बसला आणि पुढची दहा मिनिटं एक शब्द बोलला नाही. आमच्या धंद्यातली ही खोडच आहे. तक्रारीच्या मागे दुसरी, खरी तक्रार दडलेली असणार, असं धरूनच आम्ही उकरत बसतो. त्यात हा जिल्हा. इथल्या घरांमधून आम्ही जे पाहिलं आहे, त्यापुढं फुटबॉलचा सामना ही काय चिंता, असं मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटलंच असणार. ते पोराला बरोबर कळलं.

शेवटी मी वही मिटली आणि म्हटलं, "मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. मेस्सीचं नाव तेवढं माहीत आहे. मला सांग."

आणि तो सुटला! मामा नागपूरजवळ कामठीला राहतो. तिथं फुटबॉल जुना, पोट्टे चालायला लागले की लाथा मारायलाच शिकतात. उन्हाळ्यात मामाकडे जाऊन याला नाद लागला, जर्सीही तिथलीच. अर्जेंटिना १९७८ आणि १९८६ ला जगज्जेती झाली, त्यानंतर नाही. २०१४ ला फायनलपर्यंत आली, जर्मनीनं ११३ व्या मिनिटाला एक गोल केला आणि गेली. मेस्सी पस्तिशीचा. हा त्याचा शेवटचा विश्वचषक. "आता नाई तं कधीच नाई, मॅडम." हे म्हणताना त्याचा आवाज बसला.

आता दर मोठ्या सामन्याच्या आधी मला जो प्रश्न येतो, त्याचं उत्तर इथंच देते. क्रिकेटच्या फायनलला तर हमखास येतो, बायका नवऱ्यासाठी विचारतात, आया पोरांसाठी. खेळणारे सातासमुद्रापार, आणि आमच्या घरचा माणूस जेवत नाही, झोपत नाही, चिडचिड करतो, हा आजार आहे का? नाही. जीव लावला की जीव टांगणीला लागतो. शरीराला मैदान आणि ओसरी यातला फरक कळत नाही, ते पळायची तयारी करून बसतं. हृदय जोरात चालतं, तोंड कोरडं पडतं, पोट आक्रसतं. खेळाडू निदान धावून ते जिरवतो. पाहणाऱ्याला बसल्या जागी सोसावं लागतं, म्हणून कधीकधी त्याचेच हाल जास्त. सामना झाला, एक-दोन दिवस हळहळ झाली आणि माणूस कामाला लागला, तर काळजीचं कारण नाही.

पण दहा नंबरचं एवढ्यावर थांबत नव्हतं. जायच्या वेळी, दाराशी उभं राहून तो म्हणाला, "मॅडम, मी फायनल पाहू का नाई?"

"का रे? पाहू नको असं कोण म्हणालं?"

"मी पाह्यलं की हारते जी."

पुन्हा बसवला. बाहेरच्या दोन पेशंटना थोडं थांबायला सांगितलं.

२२ नोव्हेंबरला दुपारी साडेतीनला अर्जेंटिनाचा पहिला सामना, सौदी अरेबियाशी. पानटपरीमागे मोबाईलवर सहा पोट्टे, मधोमध हा. अर्जेंटिना त्याआधी लागोपाठ ३६ सामने हरली नव्हती. त्या दिवशी २-१ ने हरली. कोणीतरी म्हणालं, "हा पनौती हाय बे." मेक्सिकोचा सामना यानं पाहिला नाही, जिंकली. पोलंडचा नाही, जिंकली. ऑस्ट्रेलियाचा नाही, जिंकली. मग १० तारखेच्या मध्यरात्री नेदरलँड्सबरोबरची उपउपांत्य फेरी. पोट्टे मित्राच्या ओसरीत, हा बाहेर गोठ्याजवळ शेकोटीपाशी. आतून दोन वेळा ओरडा झाला. दोन गोल झाले, आता काय होतंय, म्हणून हा आत येऊन मागे उभा राहिला. ८३ व्या मिनिटाला नेदरलँड्सचा एक गोल. वेळ संपता संपता दुसरा. २-२. सगळ्यांनी मिळून याला अक्षरशः बाहेर ढकललं, आणि अर्जेंटिना पेनल्टीवर वाचली.

त्या रात्रीपासून झोप नव्हती. क्रोएशियाच्या सामन्याला तो ओसरीकडे फिरकलासुद्धा नाही, ३-० झाले.

मला हसू येईना. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच धरलं असतं, कारण हिशोब त्याच्या बाजूनं होता. आणि अपशकुनी ठरणं त्याला नवं नव्हतं. तो जन्मला त्या दिवशी घरचा बैल गेला होता. आत्या आजही गमतीत 'पांढऱ्या पायाचा' म्हणते. सगळे हसतात, तोही हसतो. आपल्याकडे या शब्दानं किती सुनांचं आयुष्य नासलं ते मी फाईलींमध्ये पाहिलं आहे. पोरांना तो लागत नाही असं मी उगाचच समजून होते.

रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञानं १९७६ साली अमेरिकेतल्या विद्यापीठांत पाहिलं होतं की कॉलेजचा संघ जिंकला की पोरं 'आम्ही जिंकलो' म्हणतात आणि हरला की 'ते हरले'. आमच्या ओसरीवर याची तिसरी तऱ्हा निघाली होती. जिंकली तर 'आपण', हरली तर 'तुझ्यामुळं'.

मी त्याला अंधश्रद्धा वगैरे ऐकवलं नाही. हिशोबच मांडायला लावला, कागदावर.

"२०१४ ची फायनल हरले तेव्हा तू कुठं होतास?"

"झोपलो होतो. नऊ वर्षांचा होतो, मले मालूमच नव्हतं."

"मग हरवलं कोणी?"

गप्प.

"तू पाहिलास आणि जिंकले, असा एकही सामना नाही?"

बराच वेळ गेला. मग त्याचे डोळे मोठे झाले. २०२१ च्या जुलैमधली कोपा अमेरिकाची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेची फायनल, ब्राझीलशी. आपल्याकडे पहाट होती. गोधडीत मोबाईल घेऊन यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली होती. डी मारियाचा गोल, १-०, मेस्सीची अर्जेंटिनाकडून पहिली मोठी ट्रॉफी.

"तो तं मी धरलाच नाई."

मन असंच करतं. जे एका गोष्टीत बसतं ते गोळा करतं, बाकीचं सुपातून पाखडून टाकतं. यामागे मूर्खपणा नसतो. जे आपल्या हातात मुळीच नाही, त्याला एखादी तरी मूठ हवी असते. 'माझ्यामुळं हरले' हे मानणं फार दुखतं, पण 'माझ्या पाहण्या-न पाहण्यानं काहीच होत नाही' हे काहींना त्याहून जास्त दुखतं.

"मंग आमचा बुडा सीतादही काहून करते?" त्यानं मला कोंडीत धरलं. (बुडा म्हणजे बाप.) पहिली वेचणी करण्याआधी आमच्याकडे वावरात दहीभात ठेवून पूजा करतात.

मला क्षणभर सुचलं नाही. मग म्हटलं, "कापूस कमी झाला तर बाबा म्हणतात का, की अमक्यानं दही नीट ठेवलं नाही म्हणून बोंडअळी आली?"

"नाई. अळीले शिव्या देते. नाई तं कापसाच्या भावाले."

"मग जर्सी घाल, डावा बूट आधी घाल, देवाला नारळ फोड. त्याला माझी ना नाही. फक्त कोणाला ओसरीतून बाहेर काढायचं नाही. स्वतःलाही."

इथं एक आडवळण घेते. मी त्याला सरळ दोन प्रश्न विचारले होते, ते प्रत्येकाला विचारायला हवेत. पैसे लावलेस का? मोबाईलवर सट्टा फार सोपा झाला आहे, आणि 'सामन्याचं टेन्शन' म्हणून आलेली काही पोरं खरं तर हरलेल्या पैशांचं टेन्शन घेऊन आलेली असतात. यानं लावले नव्हते. दुसरा प्रश्न, हरले तर जिवाचं काही करावंसं वाटतं का? आडून न विचारता याच शब्दांत विचारावं. विचारल्यानं कल्पना डोक्यात येत नाही. तो म्हणाला, "रडीन जी. बस्स." उत्तर वेगळं असतं तर मी त्याला घरी एकटा पाठवला नसता. ज्यांच्या जवळ कोणी नाही त्यांनी १४४१६ या टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर बोलावं, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

आई आत आली तेव्हा कळलं की आजोबाही नातवासोबत पाहणार आहेत, आणि त्यांना बीपीच्या गोळ्या आहेत. त्या चुकवू नका, असं मी तिला दोनदा सांगितलं. जर्मनीत २००६ च्या विश्वचषकात, जर्मन संघाचे सामने असत त्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या तक्रारी एरवीच्या २.६६ पट झाल्या होत्या. २००८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हा अभ्यास छापून आला. आधीच दुखणं असलेल्यांना धोका जास्त. आईला आकडा सांगितला नाही, "म्हाताऱ्याला भरल्या पोटी आणि गोळी घेऊनच बसवा, छातीत भरून आलं तर मॅच सोडून गाडी काढा" एवढं सांगितलं. पोराला सांगितलं, संध्याकाळी सहालाच भाकर खाऊन घे, रात्री चहा नको, मध्यंतरात अंगणात चाल, आणि धडधडलं की श्वास सोडायला घेण्यापेक्षा दुप्पट वेळ लाव.

एक अडचण उरली होती. रविवारी शेतात रात्रीची लाइन (म्हणजे वीज), हरभऱ्याला पाणी द्यायची पाळी त्याची. आई म्हणाली, बाप जाईल. तो बिचारा कसाही जागाच असायचा. आदल्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, तसा भाव परत येईल म्हणून अर्धं घर कापसानं भरून ठेवलं होतं. विकू की ठेवू, यात त्याची स्वतःची फायनल दोन महिने चालू होती.

पुढच्या गुरुवारी दहा नंबर एकटाच आला. स्वेटर घातलेला. सामना कसा झाला हे जगाला माहीत आहे, तरी मी त्याच्याकडून पूर्ण ऐकला. अर्जेंटिना २-० पुढं. आजोबा पेंगायला लागले होते. ८० व्या मिनिटानंतर फ्रान्सच्या एम्बाप्पेनं शंभर सेकंदांच्या आत दोन गोल मारले आणि ओसरीतली सगळी डोकी याच्याकडे वळली.

"उठ बे, पनौती!"

"मंग?"

"म्हटलं, मी तिथं असतो तं गोल अडवला असता. इथून नाई अडवता येत. बसा गुमान." हे मी शिकवलं नव्हतं. "हात लय कापत होते जी. पण उठलो नाई."

मग मेस्सीचा गोल, मग एम्बाप्पेचा तिसरा, ३-३. मी म्हटलं, शाबास. त्यानं मान खाली घातली.

"एक सांगू? अगदी शेवटी, एकशेविसाव्या मिनिटाले, मले लागली. दम निघेना. भिंतीमागं गेलो. तितक्यात आत ओरडा झाला."

एका फ्रेंच खेळाडूसमोर फक्त अर्जेंटिनाचा गोलकीपर उरला होता आणि मार्टिनेझनं पाय आडवा घालून तो चेंडू अडवला. तो क्षण साऱ्या जगानं पाहिला, यानं पाहिला नाही. पेनल्टी मात्र सगळ्या पाहिल्या, आजोबांचा हात धरून.

"म्हणजे मी नवतो तवाच वाचलो ना जी?" त्याच्या डोळ्यांत चेष्टा होती. सगळीच चेष्टा नव्हती.

मी मागच्या वेळचा कागद काढला आणि पेन त्याच्याकडे सरकवला. त्यानं थोडा विचार करून पेनल्टीचा रकाना वेगळा आखला, '४-२, पाह्यल्या' असं लिहिलं. त्याच्या वर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, '१२०+३, मुतायला गेलो होतो'.

मग विचारलं, "बुड्याले पाठवू का तुमच्याकडं? भाव अजून नाई चढला."