दोघांच्या नावाचा चेक

प्रश्न : विम्याचा चेक माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावे आलाय. तो परगावी असतो. मी एकटीने माझ्या खात्यात भरला तर चालेल का?

उत्तर : ताई, आधी दोन नावांच्या मधला शब्द बघा. ‘किंवा’ असेल तर तुम्ही एकट्याही भरू शकता. ‘आणि’ असेल तर पैसे दोघांचे. भावाला डावलून चालत नाही. मी बँकेच्या काउंटरवर बसायचो तेव्हा भावाची सही स्वतःच ठोकून आणणारे भेटायचे, शाई दोन्हीकडे तीच! तसलं करू नका, ती सरळ बनावट सही. त्यातून चेकवर ‘अकाउंट पेयी’ (म्हणजे पैसे चेकवर नाव असलेल्यांच्याच खात्यात) असेल तर चेकच्या मागे दोघांनी सह्या केल्या की एकाच्या खात्यात भरता येईल, या भरवशावर राहू नका. दोघांचं जॉइंट खातं असेल तर त्यात भरा, नाहीतर कंपनीकडे दोन वेगळे चेक मागा. चेकची मुदत तेवढी आजच बघा.