फॅक्टर देऊनही रक्तस्राव थांबत नाही तेव्हा

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलाला तीव्र हिमोफिलिया ए आहे. गड्ड्याच्या यात्रेत तो पडला आणि त्याचा गुडघा सुजला. पूर्वी फॅक्टर आठचे एक इंजेक्शन दिले की सूज उतरायची. या वेळी तीन देऊनही उतरली नाही. तपासणीत ‘इन्हिबिटर १८ बेथेस्डा युनिट’ आले. डोस वाढवून घ्यावा का? फॅक्टर देण्यात आमचेच काही चुकले का?
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, दुसरा प्रश्न तुम्हाला अधिक छळत असणार, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. तुमचे काहीही चुकलेले नाही. ज्याच्या रक्तात फॅक्टर आठ, म्हणजे रक्त गोठण्यासाठी लागणारे प्रथिन, जन्मापासून जवळजवळ नसतेच (हाच तीव्र हिमोफिलिया ए), त्याचे शरीर बाहेरून आलेल्या फॅक्टरला परका समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते; त्यांनाच इन्हिबिटर म्हणतात आणि त्यांची पातळी बेथेस्डा युनिटांत मोजतात. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या सुमारे २५ ते ३० टक्के रुग्णांत हे घडते, आणि तेही बहुधा पहिल्या ५० डोसांच्या आत.

डोस वाढवून मात्र उपयोग होणार नाही. पातळी ५ युनिटांच्या खाली असती तर जादा फॅक्टरने काम भागले असते; १८ असताना दिलेला फॅक्टर निष्प्रभ होतो आणि प्रतिपिंडे आणखी वाढण्याची भीती असते. अशा वेळी फॅक्टर आठला वगळून गुठळी घडवणारे औषध, म्हणजे फॅक्टर सात-ए किंवा एपीसीसी (गोठण्याच्या अनेक घटकांचे मिश्रण), द्यावे लागते. सात-ए चा परिणाम थोडाच वेळ टिकत असल्याने सुरुवातीला ते दर दोन-तीन तासांनी द्यावे लागते, म्हणून रुग्णालयात राहण्याच्या तयारीनेच जावे. तोवर गुडघा हलू देऊ नका, टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावा आणि घरातील कोणी मायेने तेल लावून चोळू लागले तर त्यांना थांबवा. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते; आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन देऊ नये.

पुढचे रक्तस्राव टाळण्यासाठी एमिसिझुमॅब या औषधाविषयी रक्तविकारतज्ज्ञांना अवश्य विचारा. फॅक्टर नऊ-ए आणि दहा यांना जवळ आणण्याचे आठव्याचे काम ते करते. पण त्याची घडण आठव्यासारखी नसल्याने ही प्रतिपिंडे त्याला अडवत नाहीत. ते त्वचेखाली टोचतात, त्यामुळे लहान हातावर शीर शोधत बसावे लागत नाही. पहिले चार आठवडे ते दर आठवड्याला आणि नंतर ठरल्याप्रमाणे एक, दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायचे असते. प्रतिपिंडे समूळ घालवण्यासाठी दीर्घकाळ नियमित फॅक्टर देण्याचा उपचारही आहे, परंतु तो तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होतो.

एमिसिझुमॅब सुरू झाले की एक धोका लक्षात ठेवावा. त्यासोबत एपीसीसी मोठ्या प्रमाणात दिल्यास रक्तवाहिन्यांत घातक गुठळ्या होऊ शकतात; शिवाय एमिसिझुमॅबमुळे एपीटीटी ही रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी तपासणी फसवी, नॉर्मल दिसते. तेव्हा ‘हिमोफिलिया ए, इन्हिबिटर आहे, एमिसिझुमॅब चालू आहे, स्नायूत इंजेक्शन देऊ नये’ असे लिहिलेले कार्ड मुलाच्या दप्तरात ठेवा आणि त्याची एक प्रत वर्गशिक्षकांकडे द्या.