आधी जेलीफिश, कासव नंतर

तुम्ही पाठवलेलं कासवाचं जलरंगातलं चित्र पाहिलं. आकार छान उतरलाय, पण कागद पापडासारखा फुगलाय. त्यात हाताचा दोष नाही. साधी ड्रॉइंग वही जलरंगाला चालत नाही. ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) जाड कागद घ्या आणि एका पानाचे चार तुकडे करून वापरा, म्हणजे खर्च जिवावर येत नाही.

कासवाच्या पाठीची नक्षी सध्या बाजूला ठेवा. सुरुवात जेलीफिशने करा, तिथे चूकसुद्धा खपून जाते. छत्रीचा आकार नुसत्या पाण्याने भिजवा, कडेला निळा रंग टेकवा आणि हात मागे घ्या. रंग आपला आपण आत पसरतो. त्याला ढोसायचं नाही. खालच्या लोंबत्या दोऱ्या मात्र कागद पूर्ण सुकल्यावर, ब्रशच्या टोकाने, एका दमात.

मग पापलेट. (घरचे कालवणाची वाट बघत असतील तर आधी फोटो काढून घ्या.) इथे सगळेच अडखळतात:

- चमक पांढऱ्या रंगाने आणू नका. तेवढा कागद कोराच सोडा.
- ट्यूबमधला काळा नको. अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा, जिवंत राखाडी मिळेल.
- अर्धवट सुकलेल्या रंगावर ओला ब्रश फिरवू नका, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उठतात. पंधरा वर्षांनंतरही माझा हात शिवशिवतोच!

रंग सुकल्यावर फिका होतो, म्हणून वाटतो त्याहून थोडा गडद लावा.

ओल्या रंगावर मीठ शिंपडणं, मास्किंग फ्लुइड (कोरा ठेवायचा भाग झाकणारा द्रव) वगैरे नंतर बघू. आधी दहा जेलीफिश होऊ द्या.